एक स्वर पुढं

"घेतो, पण अर्धाच," दादा म्हणाला.

वहिनी ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिनं काहीही विचारलं नव्हतं. ती वळली, तिनं त्याच्याकडे बघितलं, आणि तिच्या तोंडात जे आधीच तयार होतं ते बाहेर पडलं, "चहा घेणार?"

दादाचं लक्ष तोवर दाराकडे गेलं होतं. जरा थांबून तो म्हणाला, "खुंटीला, पांढऱ्या शर्टाच्या मागं."

मी तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आत आलो. मला घाई होती, मागावरची पाळी सुरू व्हायला दहा मिनिटं होती. "दादा, गाडीची किल्ली कुठंय?"

किल्ली खुंटीलाच होती, पांढऱ्या शर्टाच्या मागं.

ह्याला आता अकरा वर्षं झाली. पहिल्या दिवशी आम्ही हसलो, हे मी कबूल करतो. माझा थोरला भाऊ सिद्धू, मुळात कमी बोलणारा, मागावर काम करणारा, रविवारी भजनात पेटी वाजवणारा माणूस, त्या सकाळपासून प्रश्न यायच्या आधीच उत्तर द्यायला लागला होता. वहिनीला वाटलं, चेष्टा करतोय. मला वाटलं, चेष्टा करत असेल तर जमतंय बुवा.

आदल्या संध्याकाळी हावळ सरांचा कार्यक्रम झाला होता. म्हणजे सुरू झाला होता.

विश्वनाथ हावळ हे आमच्या इचलकरंजीत जन्मलेले आणि गावाला अजिबात न कळलेले संगीतकार. तरुणपणी ते कोल्हापुरात एका ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवायचे. सोळा वाजवणारे, चार गाणारे, एक विनोद सांगणारा. सर घरी यायचे ते डोकं धरून. त्यांचं म्हणणं, ह्यातले पंधरा लोक कशाला आहेत? झोप त्यांना एकाच ठिकाणी लागायची, आमच्या गल्लीत, मागांच्या खडखडाटात. त्यात नवल नाही. आमच्या गावात माणसं आवाजानं जागी होत नाहीत, आवाज बंद पडला की दचकून उठतात.

तर तिथं अंथरुणावर पडून सरांनी ऐकलं की शेजारशेजारचे दोन माग एकदम सुरू होतात, मग एकाचा पट्टा जरा ताठ असल्यानं तो हळूहळू पुढं जातो, ठोके विस्कटतात, आणि बऱ्याच वेळानं पुन्हा एकावर एक पडतात. सर म्हणाले, हेच संगीत, बाकीचं सगळं लग्नाच्या वरातीचं. त्यांनी ऑर्केस्ट्रा सोडला.

त्यांची पहिली रचना 'चौकट'. चार स्वर, सत्तर मिनिटं. कोल्हापुरात झाली. सुरुवातीला एकशे बारा लोक होते, शेवटी नऊ, त्यांतले चार हॉलचे कर्मचारी. मग 'दोन'. दोन स्वर, दीड तास. एका वर्तमानपत्रात समीक्षकानं खवचटपणे लिहिलं की दुसरा स्वर अनावश्यक वाटला. सरांनी ते कात्रण तीन दिवस जवळ ठेवलं, विचार केला आणि पटलं म्हणून 'एक' रचली. ती हॉलंडच्या रेडिओनं वाजवली आणि तिकडून सरांना पत्र आलं. पोस्टमननं ते गल्लीत सगळ्यांना दाखवून मग सरांना दिलं. एकाच्या पुढं काय, असं लोक विचारायचे. शून्य? सर म्हणायचे, "शून्य काय रचायचंय? वीज गेली की ऐकतोच की आपण."

शून्याऐवजी त्यांनी 'आठाचा फेरा' रचली. दोन पेट्या. आठ स्वरांची एकच ओळ: सा ग रे प ग सा नी रे. दोघांनी तीच वाजवायची, एकत्र. साठ वेळा झाली की दुसऱ्या पेटीनं एक स्वर पुढं सरकायचं आणि तिथं राहायचं. पहिलीनं जागा सोडायची नाही. पुन्हा साठ झाले की दुसरी आणखी एक स्वर पुढं. असं आठ वेळा केलं की दुसरी पेटी अख्खा फेरा मारून पुन्हा पहिलीच्या शेजारी येऊन बसते. घरून निघून घरी.

पहिली पेटी सर वाजवणार होते, दुसरी आमचा दादा. मी मोजणारा. साठ झाले की आकड्याचा पत्ता वर धरायचा, एवढंच काम. मला का घेतलं? कारण मला धागे मोजायची सवय, आणि सरांच्या मते गावात त्या मापाचा कंटाळा सोसणारी दोनच माणसं होती, दुसरे ते स्वतः.

विणकरांच्या सोसायटीचा हॉल होता. मी एकचा पत्ता वर धरला, दादा एक स्वर पुढं सरकला, आणि त्याच क्षणी वीज गेली. अंधारात पेट्या थांबल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कशाला ते त्यांनाच माहीत, आणि सगळे घरी गेले. वीज गेली म्हणून पेटी थांबली ह्याचं आमच्या गावात कुणालाही काही वाटलं नाही. इथं वीज गेली की सगळं थांबतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा म्हणाला, "घेतो, पण अर्धाच."

आठवड्याभरात गंमत संपली. आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं. दादा खुर्चीत बसला आणि म्हणाला, "नाही. नाही. कधीकधी डावीकडे. रोज दोन पुड्या, पण सोडली." डॉक्टरांनी मग झोप, चक्कर, डोकेदुखी आणि तंबाखू असे आपले चार प्रश्न विचारून घेतले आणि चिठ्ठीवर लिहिलं की पेशंटचं सहकार्य उत्तम आहे.

मग गल्लीत बभ्रा झाला. लोक यायला लागले. गुलाबमावशी आली, अजून पाटावर टेकलीही नव्हती, तर दादा म्हणाला, "नाही यायचा." मावशीचा चेहरा उतरला. प्रश्न तिच्या पोटात होता. तिनं तो कसाबसा काढला, "आमचा राजू सुट्टीला येईल का रे पुण्याहून?" आणि रडत निघून गेली. खरं तर दादाला फक्त प्रश्न आधी कळायचा. उत्तर त्याला तुमच्याआमच्याइतकंच माहीत असायचं. पण उत्तर आधी आलं की माणसाला ते खरंच वाटतं. त्या दिवसापासून वहिनीनं दार लावून घेतलं.

ह्या सगळ्यात शांत एकटे आमचे आप्पा. आप्पा चाळीस वर्षं जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे, आणि त्या चाळीस वर्षांत त्यांचे कान पार गेले होते. ते ओठ वाचायचे. त्यांना कुणी काही विचारलं की तसंही प्रश्न आणि उत्तराची गाठ पडायची नाही. ते म्हणाले, "काय झालंय त्याला? बोलतोय की चांगला."

तिसऱ्या आठवड्यात, एका दुपारी, जेवताना दादानं घास खाली ठेवला आणि म्हणाला, "मल्लूनं."

मल्लू म्हणजे मी.

वहिनी हसली. "आता कशाला भाऊजींचं नाव? भात वाढू?"

"मल्लूनं."

"बरं, भाऊजींनी. आमटी देऊ का?"

"मल्लूनं," दादा म्हणाला, जरा मोठ्यानं.

आडवा धागा नेणारा धोटा आतच अडकला की माग कसा जागच्या जागी थरथरतो, तसं झालं. पुढचं एकही उत्तर त्याच्याकडून येईना. त्याला काहीही विचारा, मल्लूनं. दूध कुणी सांडलं, मल्लूनं. आज कोण आलं होतं, मल्लूनं. घरातली दोन दिवसांची सगळी पापं माझ्या नावावर जमा झाली. वहिनी माझ्याकडे बघून म्हणायची, "काय केलंय हो तुम्ही एवढं?" आणि स्वतःच हसायची. तिसऱ्या दिवसापासून हसेना. दादा जेवेनासा झाला. समोर ताट, हात मांडीवर, नजर माझ्यावर. बोटं मात्र मांडीवर चालू. सा ग रे प ग सा नी रे. मी मोजायचो, सवयच ती. बोटं कायम एक स्वर पुढं होती.

मी ते उत्तर खपवायचा प्रयत्न केला. एकदा खोलीत आम्ही दोघंच होतो तेव्हा म्हटलं, "दादा, बाहेरचा बल्ब कुणी बदलला?" बल्ब मीच बदलला होता. व्याकरण बरोबर, उत्तर बरोबर, हिशेब मिटला असं मला वाटलं. दादानं माझ्याकडे असं बघितलं की मी उठून बाहेर गेलो आणि बल्ब काढून पुन्हा लावला. पाठीमागून आवाज आला, "मल्लूनं."

अकरा दिवस तो त्या एका उत्तरावर अडकून राहिला. अर्ध्या अंगानं झिजला. खरा प्रश्न काय आहे ते घरात फक्त मला माहीत होतं.

बाराव्या दिवशी हावळ सर आले. बारीक चणीचा माणूस, पायजमा-शर्ट, खिशात वही. त्यांनी दादाच्या समोर बसून त्याच्या बोटांकडे पाच मिनिटं बघितलं. वहिनीनं तोवर सगळं सांगितलं.

"ह्याचा प्रश्न कुणीतरी दडवून ठेवलाय," सर म्हणाले.

"म्हणजे ओ?" वहिनीनं विचारलं.

"ह्यानं उत्तर देऊन टाकलंय. प्रश्न यायचाय. तो येईपर्यंत हा पुढं जाऊ शकत नाही, मागंही नाही. कुणाला तरी माहीत असणार."

वहिनीनं आप्पांकडे बघितलं. आप्पांनी सरांच्या ओठांकडे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. त्यावर सुताला खळ लावणाऱ्या एका सायझिंगवाल्याची जाहिरात होती, ती मी इतकी बारकाईनं वाचली की आजही सांगू शकेन.

"भाऊजी," वहिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. "ते अकरा दिवस धड जेवले नाहीत."

मग मी खाली बसलो, दादाच्या समोर, आणि विचारलं.

"दादा, त्या दिवशी अंधारात तुझ्या पेटीचा भाता कुणी दाबला?"

दादाचं उत्तर कधीच देऊन झालं होतं. त्यानं श्वास सोडला. इतका लांब श्वास की मला वाटलं, सगळी हवा जाऊन तो रिकामा होईल. मग म्हणाला, "दे, पण कोमट."

"पाणी देऊ?" वहिनी रडत म्हणाली.

आता झालं काय होतं ते सांगतो. तोवर मला मागावर सात वर्षं झाली होती. चार माग एकटा बघायचो. चार मागांवर डोळा ठेवता येत नाही, कान ठेवावा लागतो. ठोका जरा इकडचा तिकडं झाला की धागा तुटलाय, आणि डोकं विचार करायच्या आत हात हँडलवर जातो, माग बंद. नाहीतर वीतभर कापड वाया, शेठजींच्या शिव्या वेगळ्या. त्या संध्याकाळी वीज गेली, अंधार झाला, आणि त्या अंधारात दादाचा ठोका माझ्या कानाला सरकलेला लागला. तो सरकायलाच हवा होता. पत्ता मीच धरला होता. पण हाताला संगीत कळत नाही. हात गेला आणि दादाच्या पेटीचा भाता दाबून बसला. सगळ्यांना वाटलं, वीज गेली म्हणून थांबलं. मीही तसंच सांगितलं.

"आप्पा," मी त्यांच्या समोर तोंड करून स्पष्ट म्हणालो, "मी थांबवलं. धागा तुटला असं वाटलं."

आप्पांनी ओठ वाचले. "बरोबर केलंस," ते म्हणाले. "ठोका सरकला की बंदच करायचं." मग दादाकडे बघितलं. "पण मग गाठ कुणी मारली?"

कुणीच मारली नव्हती. मागावर नियम आहे, ज्याच्या हातून तुटला त्यानंच गाठ मारायची. दुसऱ्यानं मारली तर ती पुढं फणीत अडकते असं म्हणतात.

सर वही काढून म्हणाले, "हा घरून निघालाय आणि एका पावलावर अडकलाय. उरलेली सात पावलं वाजवून घ्यायची. पहिली पेटी मल्लू वाजवेल."

"मी? मला भजनापुरतं येतं सर."

"आठ स्वर आहेत. भजनात जास्त असतात."

मी तीन आठवडे शिकलो. पाळी संपली की सरांच्या घरी. सर एकच गोष्ट सांगायचे: "तू खुंटा आहेस. त्यानं काहीही केलं तरी जागा सोडायची नाही. थांबायचं नाही, त्याच्या मागं जायचं नाही. दया आली तर पेटीकडे बघ."

"आणि सोडली तर?"

"मग त्याला परतायला घर राहणार नाही. आणि तुलाही."

सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, आम्ही मागांच्या शेडमध्ये जमलो. चोवीस माग बंद. बंद शेड ज्यानं ऐकलेली नाही त्याला सांगून समजणार नाही. कानात बोळे घातल्यासारखं वाटतं, आणि ते काढायला जावं तर बोळे नसतात. मधल्या वाटेत दोन पेट्या समोरासमोर मांडल्या. दादा एकीपाशी, मी दुसरीपाशी. पत्ते वहिनीच्या हातात. सर वही घेऊन स्टुलावर. आप्पा आमच्या मध्ये खाली बसले आणि त्यांनी एक तळवा माझ्या पेटीवर, एक दादाच्या पेटीवर ठेवला. बिघडलेला माग ते असाच तपासायचे.

मी सुरू केलं. तिसऱ्या ओळीला दादा आत आला, आणि आपसूक, कुणी न सांगता, एक स्वर पुढं आला. जिथं मी त्याला तोडलं होतं, नेमका तिथं.

साठ झाले. वहिनीनं दोनचा पत्ता धरला. दादा सरकला. मी माझ्या जागी. तीन. मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं होतं. नदीत उभं राहण्यासारखं, पाणी जातं, आपण राहतो.

चारच्या पत्त्याला आप्पा म्हणाले, "तिसरा कोण?"

मलाही तेव्हाच ऐकू यायला लागलं होतं. माझी ओळ मला माहीत होती, दादाची समोर दिसत होती, आणि दोन्हींच्या मधून एक तिसरी ओळ चालली होती, जी आम्ही दोघंही वाजवत नव्हतो. संथ, खालच्या पट्टीत, अगदी सावकाश चालणाऱ्या माणसासारखी.

आप्पांनी दोन्ही तळवे उचलून बघितले, पुन्हा टेकवले. "तीन चालू आहेत," ते म्हणाले. "सर, मोजा की."

"तो असतोच," सर वहीतून मान न काढता म्हणाले. "दर वेळी येतो. मी त्याला लिहिलेला नाही."

पाच. सहा. सात. दादाचा घाम पेटीवर टपकत होता. वहिनीनं आठचा पत्ता धरला. दादा एक स्वर पुढं सरकला आणि माझ्याशेजारी आला. दोन पेट्यांचा एक आवाज झाला, एकच जाड आवाज, आणि शेडमधले चोवीस बंद माग एकदम जवळ सरकल्यासारखे वाटले. वहिनीनं तोंडावर हात ठेवला. दादानं माझ्याकडे बघितलं. जवळजवळ दोन महिन्यांत पहिल्यांदा ते माझ्या भावाचं बघणं होतं.

दोन ओळी. तीन. आणि तो घसरला.

त्यानं काही केलं नाही, त्याची बोटं ओढली गेली. पुन्हा एक स्वर पुढं. पुन्हा तिथंच.

"थांबू नको," सर म्हणाले. "पुन्हा फेरा घे."

दुसरा फेरा घेतला. चारला तिसरा आला, आता लवकर आला आणि स्पष्ट आला. आठला दादा घरी पोचला, दोन ओळी माझ्याशेजारी राहिला आणि घसरला. तिसऱ्या फेऱ्यात एकच ओळ राहिला. माझे खांदे भरून आले होते. वहिनी पत्ते धरायची विसरून नुसती बघत होती.

सरांनी वही मिटली. मी त्यांना वही मिटताना कधी पाहिलं नव्हतं. "त्याची जागा भरलीय," ते म्हणाले. "अर्धवट सोडली होती ना. रिकामी जागा राहत नाही. तिथं तो बसलाय, तिसरा."

"मग उठवा की त्याला!" वहिनी ओरडली.

"मी त्याला बसवलेला नाही, ताई. बंद करा. मल्लू, बंद कर. तू तरी नीट थांब."

दादा बंद करत नव्हता. तो समोर बसून वाजवत होता, एक स्वर पुढं, आणि माझ्या तेव्हा लक्षात आलं की तो माझ्याकडे बघतच नाहीये. तो बघत होता तिथं मी अजून पोचलो नव्हतो. दोन महिने असंच चाललं होतं. चहा यायच्या आधी तो चहाशी बोलत होता, बायको वळायच्या आधी बायकोशी. आम्ही सगळे येईपर्यंत तो तिथून निघून गेलेला असायचा. भरल्या घरात त्याच्या क्षणाला दुसरं कुणीच नव्हतं.

सर म्हणाले, "मल्लू, भाता सोड."

मी सा वाजवला. ग वाजवला. आणि रे गाळला. रे गाळून थेट प वर गेलो.

एक स्वर. पायरी चुकावी तसं झालं, आणि पाय टेकला. दादाच्या आणि माझ्या पेटीचा एक आवाज झाला. ह्या वेळी तो घसरला नाही. कशाला घसरेल, ती त्याचीच जागा होती. त्यानं मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघितलं, माझ्या मागं नाही, पुढं नाही, माझ्याकडे. आणि हसला. दहा-बारा ओळी आम्ही तशा वाजवल्या, भजनात वाजवायचो तशा, मान डोलावत. मग दोघांनी एकदम भाते सोडले.

शेड शांत झाली.

"बंद करा की," आप्पा म्हणाले. त्यांचे तळवे पेट्यांवर होते.

वहिनीनं त्यांच्या समोर जाऊन ओठ हलवले, "केलं बंद, आप्पा."

"दोन बंद झाल्या," आप्पा म्हणाले. "एक चालूच आहे." आणि त्यांनी माझ्या पेटीवरचा हात चटका बसल्यासारखा उचलला.

हावळ सर स्टुलावरून उठले. ते माझ्यासमोर आले आणि उभे राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला मात्र विलक्षण हलकं वाटत होतं. दादानं पलीकडून हात लांब करून माझ्या मनगटावर ठेवला होता, आणि तो हात यायच्या जरा आधीच मला त्याची ऊब कळली होती.

"तो एकटा होता तिथं, सर," मी म्हणालो.

सरांचे ओठ मिटलेले होते. वहिनीच्या हातातले पत्ते खाली पडले. सरांनी एकदा दादाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि त्यांना कळलं. माझं उत्तर येऊन गेलं होतं. त्यांच्याजवळ आता दुसरं काही विचारण्यासारखं उरलंच नव्हतं.

"मल्लू," ते म्हणाले, "तू जागा का सोडलीस?"